लागली लागली म्हणता न लागलेली निवडणूक

रस्त्याच्या कडेला दोन ब्रास खडी येऊन पडते. ट्रॅक्टरवाला ट्रॉली उलटी करून निघून जातो. पुढे पंधरा दिवस तिथे ना रोलर येतो, ना मजूर. खानदेशातल्या गावाला यातून जे कळायचं ते कळतं. पारावर कोणीतरी विचारतोच, "इलेक्शन लागनं का भो?"

खडीचा आणि निवडणुकीचा संबंध साधा आहे. आचारसंहिता लागली की नवं काम सुरू करता येत नाही. कार्यारंभ आदेश हातात असला, पण जागेवर प्रत्यक्ष काम सुरू झालेलं नसलं, तरी ते थांबतं. सुरू झालेलं काम मात्र चालू ठेवता येतं. म्हणून मुदतीआधी निवडणूक होणार अशी कुणकुण लागली, की एरवी महिनोन् महिने टेबलांवर रेंगाळणारी प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश ही सगळी वरात काही आठवड्यांत दारात येते. काम 'सुरू' असल्याचा पुरावा हवा म्हणून खडी टाकायची, नारळ फोडायचा, फोटो काढून ठेवायचा. मग एके दिवशी मुंबईत किंवा दिल्लीत नेता सांगतो, निवडणूक ठरल्या वेळीच होईल, बाकी सगळ्या अफवा. घाई संपते. ठेकेदार दुसऱ्या कामावर जातो आणि पहिल्या पावसात निम्मी खडी शेजारच्या कपाशीत जाते.

अशा वेळी आपल्याकडे चर्चा होते ती नेत्याच्या छातीची. शेपूट घातली, घाबरला, सर्व्हे उलटा आला. विरोधकही 'हिंमत असेल तर उद्या विधानसभा विसर्जित करा' म्हणून आव्हान देतात, आणि मनातून देवाला विनवत असतात की त्याने ते मनावर घेऊ नये. ही सगळी चर्चा चुकीच्या जागी होते. मागे हटण्यात गैर काही नाही. बहुतेक वेळा तेच शहाणपणाचं असतं. गैर आहे ते आधीचं झुलवत ठेवणं, आणि त्याच्याही मुळाशी, सामन्याची वेळ ठरवायचा अधिकार एका खेळाडूच्या हातात असणं.

माघारीचं गाजलेलं उदाहरण ब्रिटनचं. गॉर्डन ब्राऊन २७ जून २००७ ला पंतप्रधान झाले. उन्हाळ्यात पूर आले, ग्लासगो विमानतळावर हल्ल्याचा प्रयत्न झाला, जनावरांमध्ये लाळ्या-खुरकूत पसरली. ब्राऊन यांनी सगळं शांतपणे हाताळलं आणि जनमत चाचण्यांत त्यांचा पक्ष पुढे गेला. शरद ऋतूतच निवडणूक उरकून घ्यावी, असं त्यांच्याच गोटातून बाहेर येऊ लागलं आणि ते नाही म्हणेनात. सप्टेंबर असाच गेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हुजूर पक्षाच्या अधिवेशनात वारसा कराची मर्यादा दहा लाख पौंडांवर न्यायचं आश्वासन आलं, वारं फिरलं, आणि ६ ऑक्टोबरला ब्राऊन यांनी निवडणूक घेणार नसल्याचं सांगितलं. वर हेही सांगितलं, की चाचण्यांचा या निर्णयाशी संबंध नाही. लोक हसले ते या दुसऱ्या वाक्याला. पुढे निवडणूक ६ मे २०१० ला, म्हणजे मुदत जवळजवळ संपवून झाली आणि मजूर पक्ष २५८ जागांवर आला. त्याच पक्षाच्या जेम्स कॅलॅहन यांनी सप्टेंबर १९७८ मध्ये असंच आधी ताणून धरून मग नकार दिला होता. त्या हिवाळ्यात संपांनी देश ठप्प झाला आणि मे १९७९ मध्ये सत्ता गेली.

एवढंच पाहिलं तर माघार म्हणजे पराभवाचा पाया, असं वाटेल. पण नेमक्या त्याच आठवड्यात दिल्लीतही एक माघार झाली होती, ती फारशी कोणाच्या लक्षात नाही. अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डावे पक्ष पाठिंबा काढायच्या गोष्टी करत होते आणि २००७ चा ऑगस्ट-सप्टेंबर मध्यावधी निवडणुकीच्या चर्चेत गेला. १२ ऑक्टोबर २००७ ला मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी या दोघांनी एकाच कार्यक्रमात सूर खाली आणला: सरकार एका मुद्द्यावर पणाला लावणार नाही, मुदतीआधी निवडणूक नको. 'माघार' म्हणून मथळे झाले. नऊ महिन्यांनी, मित्रपक्षांची गणितं जुळवून, सरकारने करार पुढे नेला. २२ जुलै २००८ ला विश्वासदर्शक ठराव २७५ विरुद्ध २५६ ने जिंकला आणि २००९ च्या वेळेवर झालेल्या निवडणुकीत काँग्रेस १४५ वरून २०६ वर गेली. दोन्हीकडे माघारच, अंतर सहा दिवसांचं. एकीकडे हसं झालं, दुसरीकडे वेळ मिळाला आणि त्याचं चीज झालं. ब्राऊन यांना माघारीपेक्षा आधीचे चार-पाच आठवडे नडले.

उलट जे मागे हटले नाहीत त्यांचं काय झालं, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. १९९५ मध्ये निवडून आलेल्या विधानसभेची मुदत मार्च २००० पर्यंत होती. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडलं, जूनमध्ये काँग्रेस फुटून राष्ट्रवादी निघाली. विरोधक दुभंगलेले आणि लोकसभेचं वारं आपल्या बाजूने असल्याने, नारायण राणे मुख्यमंत्री असलेल्या युती सरकारने विधानसभाही लोकसभेबरोबर सप्टेंबरमध्येच उरकायचं ठरवलं. कागदावर हिशेब चोख होता. निकाल लागला तेव्हा शिवसेना ६९ आणि भाजप ५६, बेरीज १२५. काँग्रेस ७५ आणि राष्ट्रवादी ५८, बेरीज १३३. चार महिन्यांपूर्वी ज्यांच्या फुटीवर भरवसा ठेवला होता तेच दोघे निकालानंतर एकत्र आले आणि १८ ऑक्टोबरला विलासराव देशमुखांचा शपथविधी झाला. हातातले सहा महिने सोडून पुढची पाच नव्हे, तर सलग पंधरा वर्षं गेली. २००४ मध्ये केंद्रात तेच. डिसेंबर २००३ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड जिंकल्याच्या भरात वाजपेयी सरकारने लोकसभा ६ फेब्रुवारीला विसर्जित केली, ऑक्टोबरपर्यंतची मुदत सोडली, आणि मे महिन्यात सत्ता गेली. चंद्राबाबू नायडूंनीही आंध्रात तोच डाव खेळला आणि २९४ पैकी ४७ वर आले. अपवाद आहेत. तेलंगणात चंद्रशेखर राव यांनी ६ सप्टेंबर २०१८ ला विधानसभा विसर्जित केली आणि ११९ पैकी ८८ जागा आणल्या. पण एक चंद्रशेखर राव दिसला की दहा जणांना आपणही तसेच वाटायला लागतं.

आता यंत्रणेचं. मुख्यमंत्र्यांनी ठरवलं आणि राज्यपालांनी सही केली म्हणजे निवडणूक लागली, अशी समजूत आहे. संविधानाच्या कलम १७४ प्रमाणे विसर्जन होतं, तारीख मात्र निवडणूक आयोग ठरवतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार अधिसूचना निघाल्यापासून सातव्या दिवसापर्यंत अर्ज, दुसऱ्या दिवशी छाननी, छाननीनंतरच्या दुसऱ्या दिवसापर्यंत माघार, आणि त्यानंतर मतदानापर्यंत किमान चौदा दिवस. सात, एक, दोन, चौदा: चोवीस दिवसांच्या आत मतदान होऊच शकत नाही. प्रत्यक्षात अधिसूचनेआधी आठवडाभर घोषणा होते. २०२४ ची विधानसभा घ्या. घोषणा १५ ऑक्टोबर, अधिसूचना २२, अर्जाची शेवटची तारीख २९, मतदान २० नोव्हेंबर. घोषणेपासून छत्तीस दिवस. हे सगळं वेळेवर होणाऱ्या, महिनोन् महिने तयारी केलेल्या निवडणुकीचं. अचानक विसर्जन झालं तर त्याआधी मतदान यंत्रं कुठून आणायची, इथून सुरुवात. निकालानंतर पंचेचाळीस दिवस, म्हणजे निवडणूक याचिकेची मुदत संपेपर्यंत, यंत्रं कुलूपबंद ठेवावी लागतात. याचिका झाली तर त्याहून जास्त. मोकळ्या यंत्रांची कंपनीच्या अभियंत्यांकडून प्राथमिक तपासणी, मग कोणतं यंत्र कुठे जाणार याची दोनदा सरमिसळ, मग उमेदवारांची नावं लावणं, मतदानाच्या सकाळी किमान पन्नास मतांची चाचणी. यातली एकही पायरी गाळता येत नाही.

आणि एक गोष्ट नेत्यांच्या सल्लागारांना उशिरा आठवते. २०१८ मध्ये आयोगाने स्पष्ट केलं, की विधानसभा मुदतीआधी विसर्जित झाली तर आचारसंहिता त्याच दिवसापासून लागू, घोषणेची वाट पाहायची नाही. म्हणजे विसर्जनाच्या सहीबरोबर स्वतःचे हात बांधले जातात आणि तारीख दुसऱ्याच्या हातात जाते. तेलंगणात विसर्जनानंतर मतदानाला तीन महिने लागले. काळजीवाहू खुर्चीत बसून एकही नवी योजना जाहीर करता येत नाही, आणि समोरचा रोज सभा घेतोय, असे हे तीन महिने. हिशेबी नेता मागे हटतो त्यात अनेकदा हाही हिशेब असतो. शिवाय लोकप्रतिनिधित्व कायद्यात आयोगाला मुदत संपण्याच्या आधीच्या सहा महिन्यांत विसर्जनाशिवायच निवडणुकीची अधिसूचना काढायची मुभा आहे. तेव्हा शेवटच्या सहा महिन्यांत विसर्जनाची भाषा करणारा बहुधा नुसता हवा तापवत असतो.

मतदार यादीचा मुद्दा याहून गंभीर. नाव नोंदवायचा नमुना ६ अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधीपर्यंतच विचारात घेतला जातो. वरच्या उदाहरणात अर्जाची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, म्हणजे नोंदणीची १९ ऑक्टोबर. घोषणा १५ ला. ज्याला निवडणूक लागल्यावर जाग आली त्याच्या हातात चार दिवस. वेळेवरच्या निवडणुकीत यादीची आधी विशेष मोहीम होते, गावोगाव केंद्रस्तरीय अधिकारी फिरतात, तेव्हा चालून जातं. अचानक आलेल्या निवडणुकीत नुकतीच सासरी आलेली मुलगी माहेरच्या यादीत राहते आणि नुकताच अठरा पूर्ण झालेला मुलगा कुठेच नसतो.

यावर देशात एकदा मोठा वाद झाला आहे. गुजरात विधानसभा १९ जुलै २००२ ला विसर्जित झाली आणि लगेच निवडणूक घ्या, असा आग्रह झाला. आयोगाने १६ ऑगस्टला नकार दिला. दंगलीत विस्थापित झालेले मतदार छावण्यांमध्ये आहेत, याद्या सदोष आहेत, अशा वेळी मोकळ्या वातावरणात निवडणूक होणार नाही, असं त्याचं म्हणणं. सहा महिन्यांत अधिवेशन भरलंच पाहिजे, या कलम १७४ मधल्या अटीचा आधार सरकारने घेतला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये ती अट विसर्जित विधानसभेला लागू नाही, असं मत दिलं. मतदान डिसेंबरमध्ये झालं. भाजपला १८२ पैकी १२७ जागा मिळाल्या, म्हणजे उशिराने त्यांचं काही बिघडलंही नाही. पण त्या आदेशातला मुद्दा निकालापेक्षा मोलाचा: तारीख ठरवणं म्हणजे त्या दिवशी कोण घरी असेल हे ठरवणं.

खानदेशात हे पंचांग उघडून पाहता येतं. राज्यातल्या विधानसभा मतदारसंघांची गणती सातपुड्यातून सुरू होते. अक्कलकुवा पहिला, मुक्ताईनगर विसावा. नंदुरबारचे चार, धुळ्याचे पाच, जळगावचे अकरा. या विसांसाठी सोयीचा महिना शोधून पाहा. जुलै ते सप्टेंबर पाऊस. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात रस्ते तुटतात, पाडे दिवसचे दिवस अडकतात. दसऱ्यापासून पुढे कापूस वेचणी. वेचणारी बाई किलोवर मजुरी घेते. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी रोजंदारीवाल्यालाही आहे, कायद्यात कलम १३५ ख आहे, पण न वेचलेल्या किलोचे पैसे देणारा शेतकरी अजून कोणी पाहिलेला नाही, आणि मोडलं तर दंड पाचशे रुपयांपर्यंत. फेब्रुवारी-मार्च दहावी-बारावीच्या परीक्षा, शिक्षक तिकडे. एप्रिल-मे आखाजी (अक्षय तृतीया), लग्नं आणि पंचेचाळीस अंशांचं ऊन; २०२४ ची लोकसभा नंदुरबार, जळगाव, रावेरला १३ मे रोजी आणि धुळ्याला २० मे रोजी झाली. त्याच दिवसांत रावेर-यावलकडे वादळ येऊन केळी आडवी होते. पंचनामा करायचा तो तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायकाने, आणि तिघांनाही निवडणुकीची ड्युटी लागलेली असते.

राहतो तो ऑक्टोबर, दसऱ्याच्या आगेमागे आणि दिवाळीच्या अलीकडे. २००४, २००९, २०१४, २०१९ या चारही विधानसभांचं मतदान ऑक्टोबरमध्ये आणि दिवाळीआधी झालं. २०२४ चं दिवाळीनंतर झालं. हरियाणाबरोबर घोषणा होईल, अशी अटकळ होती, ती झाली नाही. पाऊस आणि सण ही कारणं दिली गेली. हा फरक सपाटीवर जाणवत नाही. सातपुड्याच्या पाड्यात जाणवतो, कारण दिवाळी झाली की ऊसतोड मजूर दक्षिण गुजरातच्या फडावर निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता मोजला जातो, आणि होळीशिवाय बहुतेकांचं परतणं होत नाही. कायद्याने त्यांचं नाव गावच्याच यादीत राहतं. तात्पुरतं बाहेर गेल्याने रहिवास सुटत नाही. पण नाव गावात आणि माणूस बारडोलीकडे, तर त्या नावाचं करायचं काय? टपाली मतदान सैनिकांना, ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यांना, ८५ वर्षांवरच्यांना, चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना आहे. स्थलांतरित मजुराला नाही. दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना दाखवायला जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलं गेलं आणि विषय तिथेच थांबला.

राज्याची एकूण टक्केवारी २०२४ मध्ये वाढली, साधारण ६१ वरून ६६ वर, हेही सांगायला हवं. पण राज्याच्या सरासरीत एखादा पाडा दिसत नाही. ज्याच्या हातात तारीख आहे त्याला तो दिसलाच पाहिजे, अशीही कुठे सोय नाही.

उपाय काय? ब्रिटनने २०११ मध्ये कायदा करून पंतप्रधानांचा हा अधिकार काढून घेतला. मुदतीआधी निवडणूक हवी तर दोन तृतीयांश खासदार हवेत. २०१७ मध्ये थेरेसा मे यांनी ठराव आणला आणि तो ५२२ विरुद्ध १३ ने मंजूर झाला, कारण कुठलाही विरोधी पक्ष 'आम्हाला निवडणूक नको' म्हणू शकत नाही. (निवडणुकीत मे यांचंच बहुमत गेलं, ते वेगळं.) २०२२ मध्ये कायदाच रद्द झाला. म्हणून सभागृहाच्या परवानगीची अट घातली की झालं, हा भ्रम सोडलेला बरा.

आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या १२९ व्या घटनादुरुस्ती विधेयकात, एकत्र निवडणुकांच्या गाठोड्यात, एक तरतूद आहे: सभागृह मुदतीआधी विसर्जित झालं तर नवं सभागृह फक्त उरलेल्या काळापुरतं. बाकी विधेयकाबद्दल मतं काहीही असोत, मोह मोडायला ही तरतूद जालीम आहे. नऊ महिने आधी निवडणूक घेऊन नऊच महिने मिळणार असतील तर कोण विसर्जन करील? पण ती सरसकट लावणं अन्यायाचं आहे. आमदार फुटले, सरकार खरोखर पडलं, दुसरं बनेना, तर त्यात मतदाराचा काय दोष? त्याने दीड वर्षाचं सरकार निवडण्यासाठी पुन्हा रांगेत का उभं राहायचं?

म्हणून भेद करायला हवा. बहुमत हातात असताना मुख्यमंत्र्याने स्वखुशीने विसर्जन केलं तर उरलेलाच काळ. बहुमत गेल्यामुळे झालं तर पूर्ण पाच वर्षं. यात पळवाट आहे आणि ती माहीत असलेली बरी. जर्मनीत १९८२ मध्ये कोल यांनी आणि २००५ मध्ये श्रोडर यांनी विश्वासाचा ठराव मुद्दाम हरून निवडणूक मिळवली. आपल्याकडे पक्षादेशाने तटस्थ राहून ठराव पाडायला कितीसा वेळ लागेल? तिथे मतांची नोंद पाहावी. सत्तापक्षाचे आमदार पक्षादेशानेच गैरहजर किंवा तटस्थ राहिले असतील, तर ते विसर्जन स्वखुशीचंच समजावं. प्रतोदाचा आदेश लेखी असतो, शोधायला लांब जावं लागत नाही.

तारखेशी खेळायची दुसरी तऱ्हा म्हणजे निवडणूक घ्यायचीच नाही. मुदत संपण्याआधी स्थानिक निवडणूक झाली पाहिजे, असं संविधानात लिहिलेलं असताना जळगाव जिल्हा परिषदेवर मार्च २०२२ मध्ये प्रशासक बसला आणि वर्षांमागून वर्षं गेली. आरक्षणाचा खटला हे कारण खरं होतं. पण त्या काळात कोणी 'छाती' वगैरे काढली नाही, कारण लवकर येणारी निवडणूक बातमी होते आणि न येणारी होत नाही.

नर्मदेच्या काठावर मणिबेली आहे, अक्कलकुवा मतदारसंघातलं, म्हणजे राज्याच्या यादीतलं पहिलं मतदान केंद्र. काठावरच्या काही केंद्रांवर यंत्रं, शाई, सीलची लाख आणि कर्मचारी होडीने जातात. होडी ठरवायची, डिझेल भरायचं, केंद्राध्यक्ष आणि तिघा मतदान अधिकाऱ्यांना आदल्या दिवशी पोचवायचं, हे सगळं प्रशासन एका महिन्याच्या सूचनेवर करू शकतं. ऊसतोडीची उचल मात्र भर पावसाळ्यात, घरात दाणे संपलेले असताना घेतली जाते, आणि मुकादमाच्या वहीत एकदा अंगठा उठला की मतदानाची तारीख पुढे-मागे झाली तरी निघायची तारीख बदलत नाही.